तुझ्या नकारासकट

रूथ, काल सभेत मी तुझ्यासाठी भांडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सरले, मेल्यावर तरी सोड ना मला." नाही सोडणार. तुझ्या मातीवरची फुलं अजून पुरती सुकली नाहीत आणि लोक तुला वाटेतून बाजूला करायला निघाले होते. तेही तुझी स्तुती करत करत.

सगळं पहिल्यापासून सांगते. निम्मं ऐकून उठून जायची तुझी खोड, पण आता तुला कुठं जायचं नाही. शिवाय हे मंडळीच्या मासिकात छापायचं ठरलं आहे. तेव्हा जे तुला तोंडपाठ आहे तेही वाचणाऱ्यांसाठी लिहावं लागेल. तेवढं सहन कर.

तुला पुरून आलो त्याच आठवड्यात आमचे पाळक भालेरावसाहेब घरी आले. मी चहा टाकला. साहेब बराच वेळ तुझ्याबद्दल बोलले आणि मनापासून बोलले. रूथबाईंसारखी नर्स होणे नाही, अर्ध्या मुलुंडची बाळंतपणं त्यांच्या हातची, वगैरे. मग कप खाली ठेवून म्हणाले, "पण प्रभूची योजना बघा सरलाबाई. आता एकीकरणाचा मार्ग मोकळा झाला."

माझ्या हातात साखरेचा डबा होता. तो मी फळीवर ठेवला, पुन्हा खाली घेतला, पुन्हा ठेवला.

"रविवारी दोन्ही मंडळ्यांची सभा आहेच," साहेब म्हणाले. "आधी रूथबाईंच्या दुखवट्याचा ठराव घेऊ, लगेच एकीकरणाचा. तुम्ही त्यांच्या जिवाभावाच्या. दोन शब्द बोला. शेवटी त्यांचीही हीच इच्छा होती, एवढं म्हणालात तरी त्यांची माणसं हात वर करतील."

भालेरावसाहेब वाईट माणूस नाही, हे तूही मान्य करायचीस. त्यांना दोन मंडळ्या एक झालेल्या बघायच्या होत्या आणि त्यासाठी त्यांनी हाडाची काडं केली होती. मलाही तेच हवं होतं. एकीसाठी आमच्या बाजूनं कोणी सगळ्यात जास्त तोंड चालवलं असेल तर मीच. पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला, आणि तो राग मी रविवारपर्यंत जपून ठेवला.

आता वाचणाऱ्यांसाठी. मुलुंडला लाकडाच्या वखारीमागं एक लांबट पत्र्याची खोली आहे. रविवारी सकाळी आठला तिथं रूथची अँग्लिकन मंडळी भरते आणि दहाला आमची. त्यांच्याकडे बिशप, पाद्री, मेणबत्त्या आणि छापील प्रार्थना. आमच्याकडे बिशप नाही. आमचा पाळक आम्ही निवडतो, प्रार्थना मनानं करतो, आणि मंडळीच्या कामात बाईनंही उभं राहून बोलावं अशी आमची जुनी रीत आहे. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस ज्यावर मांडतात ते सागवानी मेज मात्र दोघांचं एकच. त्यांच्या उपासनेला ते भिंतीला टेकून लागतं, कारण पाद्रीसाहेब मंडळीकडे पाठ करून उभे राहतात. आम्हांला ते मध्यात लागतं, कारण आम्ही त्याच्याभोवती बसतो. म्हणून आठची उपासना संपली की दहाची सुरू व्हायच्या आत ते मेज हलवायचं. पुरुषमंडळी बाहेर वखारीच्या ओंडक्यांवर बसून मुंबई कोणाला मिळणार यावर वाद घालत, आणि एका टोकाला तू, एका टोकाला मी, असं आपण ते मेज ओढत असू. आपली ओळख तिथलीच. पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, "उचला, ओढू नका. फरशीवर रेघा उमटतात." मी म्हणाले, "मग तुम्ही भिंतीपासून लांबच ठेवा ना, म्हणजे उचलायला नको." तिथून जी सुरुवात झाली ती इस्पितळात संपली. संपली तरी कुठं म्हणा.

मग कळलं, तुझे आजोबा आणि माझे आजोबा नगरकडच्या एकाच गावचे, वेशीबाहेरच्या एकाच वस्तीतले. दुष्काळात माझ्या आजोबांच्या दारी अमेरिकन मिशनरी साहेब आला आणि तुझ्या आजोबांच्या दारी इंग्रज साहेब. एवढ्यावरून आपले पंथ ठरले. हे कळल्यावर मी तर टाळीच दिली. मला वाटलं, वाद मिटला.

"बघ," मी म्हणाले, "साहेबाचा घोडा डावीकडं वळला असता तर तू आमच्यात असतीस. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण वेगळे राहायचं?"

तू मेणबत्त्या कागदात गुंडाळत होतीस. म्हणालीस, "घोडा कुठं का वळेना गं. त्याला काय कळत होतं? पण त्यावर तीन पिढ्या आम्ही गुडघे टेकलेत. साहेब गेला, घोडा मेला, गुडघे आमचे आहेत."

 मी विषय बदलला, आणि ते तुझ्या लक्षात आलं.

तू एकीच्या विरुद्ध नव्हतीस. हे मी काल सभेत सांगितलं आणि इथंही सांगते, कारण लोक तुला हेकट म्हणत आले. तू म्हणायचीस, भाऊ वेगळे होतात तेव्हा चुली वेगळ्या होतात. पुन्हा एक व्हायचं तर होऊ द्या, पण कोणाची चूल विझवायची ते आधी तोंडानं सांगा. आमच्या योजनेत ते तोंडानं सांगितलेलं नव्हतं. नवी जागा, एक इमारत, एक मंडळी, नऊ वाजता एक उपासना, असं सगळं गोड होतं. ती नऊची उपासना म्हणजे आमचीच दहाची, तासभर आधी. तुमच्या मेणबत्त्या नाताळला आणि ईस्टरला लावायच्या. तुम्ही संख्येनं थोडे, तुमचे पाद्रीसाहेब म्हातारे आणि थकलेले. हळूहळू तुमची माणसंही म्हणू लागली की चालेल. चालणार नाही म्हणणारी तू एकटी. तुमच्याकडे बायका सभेत बोलत नाहीत, म्हणून तू घरोघर जाऊन बोललीस, आणि ज्यांच्या घरात पाळण्यातलं पोर तुझ्या हातचं होतं ते तुला नाही म्हणेनात. दोन वर्षं ठराव लोंबकळत राहिला.

छापील प्रार्थनांवरून मी तुझी किती टर उडवली. "तुमच्या देवाला पान नंबर सांगावा लागतो," मी म्हणायची. तू काही कमी नव्हतीस. भालेरावसाहेबांची प्रार्थना एकदा खिडकीबाहेर उभं राहून ऐकलीस आणि नंतर म्हणालीस, "तुमचे साहेब देवाला बातम्या सांगतात. हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की मंगळवारी गाडी बंद पडली, आणि हेही ठाऊक आहे की नळाला पाणी नाही. अगं, ठाऊक आहे तर सांगता कशाला?" मी हसू दाबत दाबत रागावले. त्यानंतर साहेब "तुला ठाऊकच आहे" म्हणाले की मला डोळे मिटवेनात.

पण एकदा हसता हसता थांबून तू मला तुझ्या मुलीबद्दल सांगितलंस. तीन वर्षांची होती, घटसर्पानं गेली. तू स्वतः नर्स, आणि तुला काही करता आलं नाही. "त्या दिवशी मला कोणी म्हणालं असतं ना, मनानं प्रार्थना कर," तू म्हणालीस, "तर मी देवाला शिव्या दिल्या असत्या. मनात दुसरं काही नव्हतंच. पाद्रीसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, माझ्यामागून म्हण. मी म्हटलं. शब्द दुसऱ्याचे होते म्हणून म्हणता आले."

मी तुला तेव्हा काही बोलले नाही. आता सांगते. त्या दिवसापासून माझ्या बाजूच्या निम्म्या मुद्द्यांतली हवा गेली होती. तरी मी वाद घालत राहिले, कारण उरलेले निम्मे मला खरे वाटत होते आणि अजून वाटतात.

त्यातला सगळ्यात मोठा मुद्दा तुला आठवत असेल. मे महिन्यातला तो रविवार. वाचणाऱ्यांना सांगायला हवं, की दारूबंदी आल्यापासून तुमच्या प्रभुभोजनाच्या द्राक्षारसालाही, म्हणजे वाइनलाही, सरकारी परवाना लागतो आणि बाटली शहरातून येते. आम्ही पडलो कट्टर दारूविरोधी. आमच्याकडे काळ्या मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून त्यांचा रस लहान लहान पेल्यांतून देतात. ते काम माझं. त्या आठवड्यात शाळेच्या परीक्षांचे पेपर तपासायचे होते म्हणून मी मनुका बुधवारीच भिजवल्या आणि बरणी झाकून स्वयंपाकघरात ठेवली. मुलुंडचा मे महिना, वर पत्रा. रविवारी मेजावर पेले मांडले. भालेरावसाहेबांनी आशीर्वाद मागितला, पेला तोंडाला लावला, आणि डोळे मिटूनच थांबले. मला वाटलं, भक्तीनं भरून आलं. मग आमच्या मंडळीतल्या डेव्हिडरावांनी घेतला. त्यांनी तर दारूबंदीच्या मोर्चात झेंडा धरलेला. ते माझ्याकडे बघू लागले. मी घेतला आणि माझ्या घशातून जाळ गेला. सबंध मंडळीनं मुकाट्यानं तो रस प्यायला. थुंकायचा कुठं? प्रभूच्या मेजावरचा. मागं बसलेल्या दोन म्हाताऱ्या उपासना संपल्यावर फार मोकळेपणानं गात होत्या.

मी रडकुंडीला येऊन तुला हे सांगितलं तेव्हा तू वखारीच्या ओंडक्यावर बसून पोट धरून हसलीस. "परवाना आमच्याकडे आणि दारू तुमच्याकडे," म्हणालीस. "सरले, खरी एकी ही बघ."

मग तुझं हसू थांबलं आणि मला कळलं, की त्याच सकाळी तुमच्याकडे बाटली आलीच नव्हती. परवान्याचं काहीतरी अडलं होतं. प्रभुभोजनाचा रविवार, माणसं उपाशीपोटी आलेली, कोणी भांडुपहून, कोणी ठाण्याहून. पाद्रीसाहेबांनी सांगितलं, आज नाही. सगळी गुडघ्यांवर बसली, प्रार्थना म्हटली आणि तशीच घरी गेली.

"माझी बरणी शनिवारपासून खोलीत होती," मी म्हणाले. "तुला ठाऊक होतं. मागायची नाही का?"

"तो द्राक्षारस नाही गं."

"तुला माहीत नव्हतं, पण झाला होता."

तू पुन्हा हसली असतीस, पण मी हसत नव्हते. मी म्हणाले, जेवायला बोलावलेल्या माणसांना भांडं वेगळं म्हणून उपाशी परत पाठवायचं, ही कुठली रीत? तू म्हणालीस, काही गोष्टींची वाट बघावी लागते, समोर येईल ते उचलायचं नसतं. मी म्हणाले, ही वाट बघणं नव्हे, हा ताठा आहे. तू उठून गेलीस. पुढचे दोन रविवार आपण मेज हलवलं पण बोललो नाही. तिसऱ्या रविवारी तू म्हणालीस, "तुझं टोक वर धर," आणि बोलणं सुरू झालं. तो वाद मात्र तिथंच राहिला.

तुला कावीळ झाली तेव्हा मी घाबरले नव्हते. तू दुसऱ्यांच्या काविळी बऱ्या केलेली बाई. माझी शाळा सुटली की मी इस्पितळात येऊन बसायची. ज्या वॉर्डात तू राज्य केलंस तिथंच तुला पलंग मिळाला होता आणि तू पडल्या पडल्या नव्या पोरींच्या चुका काढत होतीस. मग बोलणं कमी झालं. एका दुपारी तू म्हणालीस, "तुमचा ठराव काय म्हणतो?" मी म्हणाले, "तुझ्या होकारासाठी अडलाय. देतेस का?" तू डोळे मिटून म्हणालीस, "नाही." आणि जरा वेळानं, "असा नाही." बस. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तुमचे पाद्रीसाहेब तुझ्यासाठी प्रभुभोजन घेऊन आले. मी उठून जायला निघाले तर तू हातानं खूण केलीस, बस. मी पायथ्याशी बसले. पाद्रीसाहेबांनी तुला दिलं, शेजारी बसलेल्या तुमच्या मंडळीतल्या सोनूबाईला दिलं. माझ्यापाशी आले आणि थांबले. त्यांना माझ्याबद्दल किती माया आहे ते मला ठाऊक आहे. पण माझ्या डोक्यावर बिशपानं हात ठेवून दृढीकरण केलेलं नाही, आणि त्याशिवाय तुमच्यात कोणाला प्रभुभोजन देत नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि भाकरीची ताटली झाकली.

तू ते बघितलंस. माझ्याकडे बघितलंस, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तुझे ओठ हलले. सिस्टर औषध घेऊन आली आणि ते राहिलं. त्यानंतर तू शुद्धीवर अशी फार आलीच नाहीस.

काय म्हणणार होतीस? मी रोज विचार करते. "द्या तिलाही" म्हणणार होतीस का? की "बघितलंस, वाट बघणं असं असतं" म्हणणार होतीस? की नुसतं पाणी हवं होतं? भालेरावसाहेबांना मी हे सांगितलं असतं तर त्यांनी त्याचं प्रवचन केलं असतं. म्हणाले असते, शेवटच्या क्षणी रूथबाईंचं मन बदललं. बदललं असेलही. पण तू ते बोलली नाहीस, आणि तुझ्या तोंडात शब्द घालायचा मला अधिकार नाही. आयुष्यात तू कोणाला तो दिला नाहीस.

तुझ्या मातीच्या दिवशी तुमचंच पुस्तक होतं. पाद्रीसाहेब त्यातून वाचत होते. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, नुसता एक मोठा राग होता की ही बाई गेलीच कशी. आमच्या पद्धतीनं कोणी मला म्हणालं असतं, सरलाबाई, प्रार्थना करा, तर मी काय बोलले असते देव जाणे. सोनूबाईनं तिचं पुस्तक माझ्यापुढं धरलं आणि बोट ठेवून ओळ दाखवली. मी वाचली. पुढची वाचली. शब्द दुसऱ्याचे होते म्हणून म्हणता आले, रूथ. तू सांगितलं होतंस तसंच.

मग काल सभा. खोली भरली होती. भालेरावसाहेबांनी तुझ्याबद्दल सुंदर भाषण केलं. दुखवट्याचा ठराव झाला, सगळे उभे राहिले, बसले. मग साहेब म्हणाले, आता रूथबाईंची मैत्रीण सरलाबाई त्यांच्या शेवटच्या इच्छेबद्दल दोन शब्द सांगतील.

मी उभी राहिले. आवाज वर्गातला निघाला. म्हणाले, "रूथची शेवटची इच्छा मला माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की तिनं या ठरावाला होकार दिला नव्हता. मी इस्पितळात विचारलं तेव्हाही ती नाही म्हणाली."

 डेव्हिडराव उठले. "बाई, एवढी वर्षं तुम्हीच एकीसाठी बोलत आलात. आज कोणाच्या बाजूनं बोलताय?"

"एकीच्याच."

"मग ही अडवणूक कशाला? ज्यांची हरकत होती त्या आता नाहीत."

"म्हणूनच," मी म्हणाले. "ती होती तोवर तिचं म्हणणं तुम्हांला खोडता आलं नाही. ती गेली म्हणून ते खोडलं गेलं असं होत नाही. अडवणारं माणूस मेल्यावर जी एकी होते तिला मी एकी म्हणणार नाही. व्हायचं असेल तर तिच्या नकारासकट एक व्हा."

मग मी तुझी बाजू मांडली. सगळी. चुलींची, गुडघ्यांची, दुसऱ्यांच्या शब्दांची. तुझ्या मुलीचं नाव घेतलं नाही, काळजी करू नकोस. मला वाटलं होतं मध्येच अडखळेन. पण इतकी वर्षं तुझं म्हणणं खोडण्यासाठी ऐकत होते ना, ते मला पाठ झालं होतं.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की तुझं म्हणणं भर सभेत ऐकलं जातंय ते आमच्या रीतीमुळं. आमच्यात बाई उभी राहू शकते म्हणून. तुझ्याच मंडळीत तुला ते कधी करता आलं नसतं. म्हणजे तुमचं आम्हांला हवंय तसं आमचंही तुम्हांला हवंय, आणि दोन्हींतलं एक विझवून टाकलं असतं तर काल तिथं कोणीच बोललं नसतं. हे मला काल, उभी असताना कळलं. आधी नाही.

मी बसले आणि तुमच्या बाजूला चुळबुळ झाली. सोनूबाई उठली. तुमच्यातली बाई सभेत उठलेली मी पहिल्यांदा पाहिली. तिनं पाद्रीसाहेबांकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली.

"रूथबाई होत्या तर आमाला बोलायची गरज नव्हती," सोनूबाई म्हणाली. "आमी घरी चालेल म्हणायचो आणि त्यांना पुढं करायचो. आता सांगते. आमाला गुडघे टेकायला जागा पायजे. बाकी कुठं पण बसवा."

तिच्यामागून तुमची आणखी दोघं बोलली. ठराव मताला टाकलाच नाही. भालेरावसाहेबांनी स्वतः मागं घेतला, ते त्यांचं मोठेपण. दोन्हीकडची सारखी माणसं घेऊन समिती नेमली. इमारत एक, पण कोणाचं काय राहील आणि कोणी काय सोडायचं, हे आधी बसून बोलायचं, आणि मगच हात वर करायचे. बाहेर पडताना साहेब मला म्हणाले, "सरलाबाई, तुम्ही काम लांबवलंत." मी म्हणाले, "हो साहेब." ते रागावलेले होते. रागावू देत. पुढच्या रविवारी त्यांच्याच मंडळीत मी बसणार आहे आणि त्यांच्याच बातम्यांना आमेन म्हणणार आहे.

डेव्हिडराव मला आता तुझी वकिलीण म्हणतात. म्हणू देत. पण तू फार खूश होऊ नकोस. तुझ्या बाजूनं बोलले म्हणून आपलं पटलं असं नाही. तो मे महिन्यातला रविवार मी विसरलेले नाही, आणि इस्पितळातली ती झाकलेली ताटलीही नाही. मला ते फार लागलं, रूथ. तुझ्यापुढं, तुझ्या पलंगाशी, तुझ्या शेवटच्या जेवणात मी परकी ठरले. तेव्हा तुला सांगण्यात अर्थ नव्हता. तू आजारी होतीस, आणि मला तुझ्याकडून दया नको होती. आज सांगते, कारण आता तू त्याचं काही करू शकत नाहीस. ते मलाच करायचं आहे. तुमच्यातलं जे गुडघ्यांवर बसवतं ते मला हवं आहे. जे दारातून परत पाठवतं ते चूक आहे, आणि तू मेलीस म्हणून मी ते बरोबर म्हणणार नाही.

समितीत माझं नाव आहे. पहिली बैठक ईस्टरनंतर आहे. तिथं आमच्या लोकांकडे मी तुझे गुडघे मागणार आहे, आणि तुमच्या पाद्रीसाहेबांकडे माझा घास. दोन्ही मिळाल्याशिवाय मी हात वर करणार नाही.